गप्प राहण्याचे प्रकार : उत्तरा बावकर यांचा पडद्यावरचा अभिनय

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये सहाय्यक अभिनेता आणि सहाय्यक अभिनेत्री अशी स्वतंत्र पारितोषिकं सुरू झाली ती १९८४ सालच्या चित्रपटांपासून. अभिनेत्रींच्या यादीतली पहिली पाच नावं अशी आहेत : ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी, ‘रावसाहेब’साठी विजया मेहता, एका ओडिया चित्रपटासाठी मंजुळा कंवर, ‘तमस’साठी सुरेखा सिक्री आणि ‘एक दिन अचानक’साठी उत्तरा बावकर. पाचांपैकी तिघी मराठी. चौघी रंगभूमीवरून आलेल्या, आणि त्या चौघीही कधी ना कधी इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकलेल्या. सहाय्यक या बिरुदाखाली सरकारने पहिली पाच वर्षं ज्यांचा गौरव केला, त्या बहुतेक सगळ्या नाटकात मध्यवर्ती भूमिका करणाऱ्या नट्या होत्या, ही गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आल्याचं दिसत नाही.

ही यादी घेऊन मी अधूनमधून एक खेळ करते. चित्रपट आवडीने पाहणाऱ्या माणसापुढे एकेक नाव टाकायचं. हट्टंगडी म्हटल्याबरोबर ‘गांधी’मधल्या कस्तुरबा येतात. विजयाबाई म्हणजे मराठी रंगभूमीचं एक अख्खं पर्व. सुरेखा सिक्री म्हणताच ‘बधाई हो’ची आजी आठवून लोक हसतात. उत्तरा बावकर म्हटल्यावर मात्र समोरचा थांबतो आणि मग म्हणतो, “हो हो, त्या आईचं काम करायच्या त्या ना?” चेहरा आठवतो, कामं आठवत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं तेव्हाही बातम्या आल्या, चित्रपटांची यादी आली आणि विषय मिटला.

काम हलकं होतं म्हणून ते विसरलं गेलं, असं मला वाटत नाही. ते काम ज्या जातीचं होतं त्या जातीसाठी आपल्या समीक्षेकडे शब्दच नाहीत, म्हणून ते निसटलं. बावकर यांनी पडद्यावर जे साधलं ते बहुतेक सगळं गप्प राहून साधलं. आणि आपण, मराठी प्रेक्षक आणि समीक्षक, अभिनय मुख्यतः कानांनी पाहत आलो आहोत.

आधी एका शब्दाचा निकाल लावते. ‘चरित्र अभिनेत्री’. ‘कॅरेक्टर’चं हे हिंदीमार्गे आलेलं भाषांतर मराठीत शिरताना आपला अर्थ वेशीवरच ठेवून आलं. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा. गंमत अशी की जिला आपण चरित्र अभिनेत्री म्हणतो तिच्या पात्राला पटकथेत जीवनकथा म्हणून काही नसतंच. ती कुणाची आई असते, कुणाची सासू असते, शेजारीण असते. तिचं माहेर कुठलं, तिला आयुष्यात काय हवं होतं, नवऱ्यावर तिचा जीव आहे की नुसती सवय आहे, हे कुणी लिहिलेलं नसतं. ते नटीने घरून आणायचं असतं.

बावकर यांनी ते आणलं कुठून, हे समजायला त्यांचा रस्ता थोडा पाहावा लागतो. जन्म १९४४ चा. १९६८ मध्ये त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडल्या आणि दिल्लीच्या हिंदी रंगभूमीवर पुढची कितीतरी वर्षं उभ्या राहिल्या. ‘मुख्यमंत्री’मधली पद्मावती, ‘मेना गुर्जरी’मधली मेना, ‘ऑथेल्लो’मधली डेस्डिमोना, ‘तुघलक’मधली आई, ‘उमराव जान’ची नायिका. १९७८ मध्ये त्यांनी जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ हिंदीत दिग्दर्शित केलं. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. याचा अर्थ असा की चित्रपटाच्या आणि दूरदर्शनच्या प्रेक्षकाला त्यांचं नाव कळलं, ‘तमस’मधल्या जसबीरमुळे, तेव्हा त्या चाळिशी ओलांडून गेल्या होत्या आणि त्यांच्यामागे वीस वर्षांचं काम होतं. मराठी प्रेक्षकाला त्या खऱ्या अर्थाने भेटल्या ‘दोघी’त, १९९५ साली, पन्नाशीनंतर.

या रस्त्याने एक घोटाळा केला. दिल्लीच्या नाट्यवर्तुळाला त्या रंगभूमीच्या वाटल्या, चित्रपट हा त्यांचा जोडधंदा. मुंबईच्या हिंदी पडद्याला त्या दूरदर्शनवरची आई वाटल्या. आणि मराठीला त्या दिल्लीहून आलेल्या पाहुण्या वाटल्या. तीन गावांत घर असलेल्या माणसाला तिन्ही गावं परगावचा समजतात, तसं झालं. त्यांच्या कामाचा सलग विचार करायला तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकत्र वाचाव्या लागतात आणि तशी गरज कुणालाच भासली नाही.

पण हे बाहेरचं कारण झालं. आतलं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मराठी माणसाच्या मनात थोर अभिनय म्हणजे स्वगत. ‘नटसम्राट’ आपल्याला आठवतं ते गणपतराव बेलवलकरांच्या भाषणांनी. नाटकावर लिहिताना आपण संवादफेक म्हणतो, शब्दोच्चार म्हणतो, टाळीचं वाक्य म्हणतो. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी वाचिकावर आपण पानंच्या पानं लिहितो आणि सात्त्विकाच्या खात्यात ‘डोळ्यांतून व्यक्त होणारं कारुण्य’ एवढी एक ओळ टाकून मोकळे होतो. दुसरा बोलत असताना जी नटी ऐकते आहे, जिला काहीतरी ठाऊक आहे आणि ते ती सांगत नाही, तिच्या कामाला काय म्हणायचं?

ही तक्रार एकट्या बावकरांपुरती नाही. सुलभा देशपांडे यांचं उदाहरण घ्या. त्यांचं नाव काढलं की ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे येते. रास्तच आहे. १९६७ साली रंगमंचावर आणि पुढे सत्यदेव दुबेंच्या १९७१ च्या चित्रपटात त्यांनी ते शेवटचं लांब स्वगत ज्या ताकदीने पेललं त्याला तोड नाही. पण त्याच सुलभाताई श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’त उषाच्या, म्हणजे स्मिता पाटीलच्या, आईचं काम करतात. दारुड्या नवऱ्याच्या घरातून निघालेली, मुलीने सिनेमात जावं हे मनाविरुद्ध सोसणारी, आणि शेवटी त्याच मुलीच्या कमाईवर तिचं घर सांभाळणारी बाई. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरचा हा चित्रपट. त्यात मुलीची चीड, मुलीचं पळणं, मुलीचं परतणं असं सगळं घडतं आणि आई त्या सगळ्याला साक्षी असते. स्मिताच्या कामावर आपण किती लिहिलं! तिच्यासमोर उभं राहून तिचा प्रत्येक वार झेलणाऱ्या बाईवर किती? त्याच चित्रपटात अमरीश पुरींच्या वाड्यात अंथरुणाला खिळलेली त्यांची पत्नी आहे. बिछाने बदलतात, स्वयंपाकघरं बदलतात, पुरुष बदलत नाहीत, अशा आशयाचं ती जे उषाला सांगते ते लोकांना आजही आठवतं. ते बोलणारीचं नाव रेखा सबनीस, हे फार थोड्यांना. वाक्य राहिलं, बाई गेली. तिच्या वाट्याला निदान वाक्य तरी होतं.

बावकर यांच्या वाट्याला पुष्कळदा तेही नव्हतं.

मृणाल सेन यांचा ‘एक दिन अचानक’ रमापद चौधुरींच्या बंगाली कादंबरीवरचा. कोलकात्यातलं प्राध्यापकाचं घर. एका पावसाळी संध्याकाळी प्राध्यापक बाहेर पडतात आणि परत येत नाहीत, कधीच येत नाहीत. मागे राहतात बायको, दोन मुली, मुलगा आणि पुस्तकांची खोली. चित्रपट रहस्याच्या वाटेने जात नाही. माणूस कुठे गेला यापेक्षा तो होता कोण, याचा शोध घरातल्या घरात सुरू होतो, आणि हळूहळू असं दिसायला लागतं की आपला बाप आपण समजत होतो तेवढा मोठा नव्हता. शबाना आझमी थोरली मुलगी, रूपा गांगुली धाकटी, अपर्णा सेन प्राध्यापकांची विद्यार्थिनी. प्राध्यापक डॉ. श्रीराम लागू, आणि त्यांची पत्नी उत्तरा बावकर. बंगाली दिग्दर्शकाच्या हिंदी चित्रपटातल्या बंगाली घराचे आई-बाप दोघेही मराठी, ही एक मजाच.

या घरात सगळे बोलतात. मुलगी तर्क करते, मुलगा चिडतो, मामा सल्ले देतात, पाहुणे अंदाज बांधतात. जो बोलत नाही तो एक माणूस निघून गेलेला आहे आणि दुसरं माणूस त्याची बायको आहे. वरवर पाहता बायकोची भूमिका ठरीव आहे : काळजी करायची, वाट पाहायची, रडायचं. बावकर यांनी ती ठरीव ठेवली नाही. त्यांच्या वाट पाहण्यात काळजी आहे, पण त्याहून जास्त संताप आहे, आणि संतापापेक्षाही जास्त अपमान आहे. ज्या माणसाबरोबर उभा जन्म काढला तो न सांगता उठून गेला, याचा अर्थ आपण त्याच्या लेखी सांगण्यासारख्याही नव्हतो. मुलांना बाप हरवल्याचं दुःख आहे. ते चारचौघांत बोलता येतं, त्याला सहानुभूती मिळते. बायकोचं दुःख लाजेचं आहे. ते बोलता येत नाही. हा फरक पटकथेत एका वाक्यानेही सांगितलेला नाही. तो दिसतो मुलं वडिलांविषयी काहीबाही बोलत असताना आईच्या बसण्यात, तिच्या उत्तर द्यायच्या आणि न द्यायच्या वेळांत.

आणि मग, वर्ष उलटल्यावर, पुन्हा तशाच पावसात घरचे एकत्र बसलेले असताना, ती बोलते. जाण्यापूर्वी तो तिला एकदा म्हणाला होता, माणसाला आयुष्य एकदाच मिळतं हेच खरं दुःख आहे. एवढंच. मुलांना जी किल्ली हवी होती ती आईच्या कनवटीला वर्षभर होती. हे वाक्य कळसाचं म्हणून उच्चारता आलं असतं. रंगभूमीवर वीस वर्षं काढलेल्या नटीला ते अवघड नव्हतं. बावकर ते अशा स्वरात सांगतात की जणू त्याचं मोल त्यांना आत्ताच, सांगता सांगता कळतं आहे. आणि प्रेक्षकाच्या लक्षात येतं की आपण गेले दीड-दोन तास जिला नुसती दुःखी बाई समजून पाहत होतो ती सगळा वेळ हे वाक्य आत धरून बसली होती. तिचं आधीचं सगळं गप्प राहणं मागे जाऊन बदलतं. चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा लागतो तो तिच्यासाठी.

इथे लागू आणि बावकर यांची तुलना टाळता येत नाही. लागूंचं काम चांगलंच आहे, पण ते आठवणींच्या तुकड्यांत येतं, आणि त्या भूमिकेला गैरहजेरीचा मोठा आधार आहे. गेलेला माणूस आपोआप गूढ होतो. मागे राहिलेल्या माणसाला गूढ करणं कितीतरी कठीण, कारण तो चहा करताना, कपडे आवरताना रोज दिसत असतो. ‘संध्याछाया’ दिग्दर्शित करताना दूर गेलेल्या मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या नाना-नानींबरोबर बावकर यांनी जे महिने घालवले असतील, त्यांचा या कामाशी काहीच संबंध नसेल असं मला म्हणवत नाही.

गप्प राहण्याचा याच्या अगदी उलटा प्रकार गोविंद निहलानींच्या ‘रुक्मावती की हवेली’त आहे. लोर्काच्या ‘द हाऊस ऑफ बर्नार्डा अल्बा’ या नाटकाचं हे राजस्थानी रूपांतर, १९९१ चं. नवरा गेल्यावर पाच मुलींना दीर्घ सुतकात घरात कोंडणारी विधवा. इथे बावकर कुणाच्या सहाय्यक नाहीत. हवेली त्यांची आहे आणि चित्रपटही. इथे त्या बोलतात, हुकूम सोडतात, आवाज चढवतात, पण त्या सगळ्या बोलण्याचा हेतू एकच : बाकीच्यांनी गप्प बसावं. लोर्काच्या नाटकाचा शेवटचा शब्दच शांततेची आज्ञा आहे. धाकट्या मुलीचं प्रेत आत टांगलेलं असताना आई जगाला सांगते की माझी मुलगी कुमारी गेली, आणि कुणी एक शब्द काढायचा नाही. ही भूमिका राक्षशिणीसारखी करण्याचा मोह मोठ्या मोठ्या नट्यांना झाला आहे. बावकर यांची रुक्मावती कठोर आहे, पण तिच्या कठोरपणाखाली भीती आहे, गावाच्या जिभेची भीती. दाराबाहेर काही खुट्ट वाजलं तर आधी तिचे कान टवकारतात, मग मुलींचे. जी बाई घरात कुणालाच काही बोलू देत नाही ती बाहेर लोक काय बोलत असतील एवढंच ऐकत जगते, हे त्यांनी दाखवलं. मूळ नाटक वाचताना मला बर्नार्डाची कधी कीव आली नव्हती. रुक्मावतीची आली, आणि ते मला बरं वाटलं नाही, हेच त्या कामाचं यश म्हणायला हवं.

हा चित्रपट किती जणांनी पाहिला? समांतर सिनेमाचं आपल्याकडे जे झालं तेच याचं झालं. चित्रपटगृहाचं दार त्याला कधी उघडलंच नाही. बावकर यांची पडद्यावरची सर्वांत मोठी भूमिका घराघरातल्या छोट्या पडद्यावरून एकदा वाहून गेली.

आता ‘दोघी’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट मी पुष्कळदा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी माझी सहानुभूती वेगळ्या बाजूला गेली आहे. गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. गौरीच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो, नवरदेव जातो, मुलगी पांढऱ्या पायाची ठरते. घर कोसळतं. मामा तिला मुंबईला घेऊन जातो आणि ती बाजारात पोचते. तिच्या पैशावर घर पुन्हा उभं राहतं. धाकट्या कृष्णेचं लग्न ठरतं तेव्हा गौरी परत येते आणि तिच्याशी कसं वागायचं हे कुणालाच कळत नाही, आईला तर नाहीच. रेणुका दफ्तरदार गौरी, सोनाली कुलकर्णी कृष्णा, सदाशिव अमरापूरकर मामा, उत्तरा बावकर आई.

चित्रपटाचं नावच ‘दोघी’. त्यामुळे परीक्षणं दोघींविषयी झाली. ते गैर नाही, दोघींचीही कामं उत्तम आहेत. पण गोष्टीतला नैतिक पेच ज्या पात्रात भरला आहे ते पात्र आई आहे. मुलगी परिस्थितीची बळी आहे, धाकटी तिची साक्षीदार आहे, मामा दलाल आहे. आई एकाच वेळी बळीही आहे आणि दलालीत सामीलही. तिला माहीत होतं का? मुलीला भावाबरोबर मुंबईला धाडताना तिथे काय वाढून ठेवलं आहे याची तिला कल्पना होती का? बावकर यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला नेहमी वाटत आलं आहे की होती, आणि ती कल्पना स्वतःपाशीही शब्दांत येऊ नये म्हणून ती बाई सतत कामात असते. हाताला काम हे तिचं गप्प राहण्याचं साधन. कुणी काही विचारू नये, आणि विचारलंच तर मान वर करावी लागू नये.

‘एक दिन अचानक’मधली बाई गप्प आहे कारण तिच्यापाशी काहीतरी जपण्यासारखं आहे. रुक्मावती इतरांना गप्प करते कारण ती घाबरलेली आहे. ‘दोघी’तली आई गप्प आहे कारण तोंड उघडलं तर जे बाहेर येईल त्यानंतर तिला जगता येणार नाही. तिन्ही बायका डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालतील तर लांबून सारख्याच दिसतील, आणि त्या तशा दिसल्या म्हणूनच ‘आईच्या भूमिका करणाऱ्या’ या एका पोत्यात भरल्या गेल्या.

गौरी परत आल्यावर आईचं वागणं पाहताना अंगावर काटा येतो. ती क्रूर आहे. मुलीच्या पैशाला ती शिवते आणि मुलीला शिवायला कचरते. इथे दुसऱ्या एखाद्या नटीने प्रेक्षकाची माफी मागितली असती. कुठेतरी पदराने डोळे टिपून, कुठेतरी एक हुंदका लपवून सुचवलं असतं की बघा, मी मनातून चांगली आहे. मराठी पडद्यावरच्या आईची ही जुनी खोड आहे, आणि ती प्रेक्षकानेच लावलेली आहे. सुलोचनाबाईंपासून आपण आईला रडताना पाहून शांत होत आलो. बावकर ती माफी मागत नाहीत. आईची माया त्यांनी लपवलेली नाही, पण ती माया धाकटीच्या लग्नाच्या हिशेबापुढे हरते आणि ती हरते आहे हे आईला कळतं, एवढं त्या दाखवतात आणि थांबतात. कृष्णेचा राग प्रेक्षकाला पटतो, पटायलाच हवा. पण रात्री घरी गेल्यावर आठवते ती आई.

भावे-सुकथनकरांबरोबरचं पुढचं सगळंच काम मला इतकं मोठं वाटत नाही. ‘वास्तुपुरुष’मध्ये कोसळत चाललेल्या वाड्यात धाकट्या मुलाला डॉक्टर करण्याचा ध्यास घेतलेली आई त्यांनी केली. आदर्शवादी नवरा आणि गुप्तधनासाठी खणत बसणारा दीर यांच्यामधली ती एकटी व्यवहारी बाई. महत्त्वाकांक्षा ही गोष्ट मराठी आईला पडद्यावर सहसा मिळत नाही. इथे ती मिळाली आणि बावकर यांनी ती कडक, जवळजवळ कोरडी ठेवली. पण त्या चित्रपटात आईच्या तोंडी लेखकाचे विचार बरेच आले आहेत. काही जागी पात्र बोलतं आहे की भूमिका मांडली जाते आहे, हे कळत नाही. नेमक्या त्या जागी बावकर साधारण वाटतात. विचार त्यांच्या तोंडून नीट ऐकू येतात, उच्चार स्वच्छ आहेत, पण बाई दिसेनाशी होते. त्यांना बोलायला लावणं म्हणजे त्यांचं हत्यार काढून घेणं होतं, असं मला वाटतं.

आक्षेप घेणारे म्हणतील की हा सगळा एकसुरीपणाच आहे आणि मी त्याला गुण म्हणते आहे. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते मालिकांपुरतं. दूरचित्रवाणीवर त्यांनी पुष्कळ काम केलं आणि त्यातलं बरंच कुणीही करू शकलं असतं. ‘जस्सी जैसी कोई नहीं’मधली बेबे प्रेमळ आजी आहे, त्यापलीकडे तिच्यात शोधण्यासारखं काही नाही. रोजच्या मालिकेत गप्प राहिलेलं पात्र म्हणजे नुसतं रिकामं पात्र. तिथे प्रत्येक प्रतिक्रियेवर संगीत वाजतं आणि कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर आपटतो. ऐकणाऱ्या नटीला दिग्दर्शक लागतो, आणि संकलक लागतो. नाटकात ऐकणारी नटी सतत समोर असते, तिच्याकडे पाहायचं की नाही हे प्रेक्षक ठरवतो. चित्रपटात ते दुसरं कुणीतरी ठरवतं. दुसऱ्याच्या संवादाच्या वेळी चित्र तिच्यावर टिकलंच नाही, तर तिने काय केलं हे कधी कळतच नाही. सेन, निहलानी आणि भावे-सुकथनकर यांनी ते चित्र टिकवलं. बाकी अनेकांनी त्यांना चौकटीच्या कडेला उभं केलं.

सुरेखा सिक्रींकडे पुन्हा येते, कारण दोघी एकाच शाळेच्या, एकाच पिढीच्या, लागोपाठच्या वर्षांच्या पुरस्कारविजेत्या. सिक्रींना पुढे ‘मम्मो’साठी आणि ‘बधाई हो’साठी असे आणखी दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि उतारवयात त्या घराघरात पोचल्या. त्या मानाला त्या पुरेपूर पात्र होत्या, यात वाद नाही. पण त्या पोचल्या कशावर हे पाहण्यासारखं आहे. ‘बालिका वधू’ची दादीसा जिभेने घर चालवते. ‘बधाई हो’ची आजी चित्रपटभर खोचक बोलते आणि शेवटाकडे सुनेची बाजू घेऊन सगळ्यांना फैलावर घेते. त्या प्रसंगाला चित्रपटगृहात टाळ्या पडल्या. म्हणजे पुन्हा जीभच. चरित्र अभिनेत्रीचं नाव लोकांच्या तोंडी रुळायचं तर तिला एक भाषण लागतं, असं दिसतं. बावकर यांना ते मिळालं नाही. मिळालं असतं तर त्यांनी ते नक्कीच उत्तम केलं असतं, आणि मग आपण त्यांना त्यासाठी लक्षात ठेवलं असतं, म्हणजे त्यांच्या सर्वांत कमी महत्त्वाच्या गुणासाठी.

आणखी एक जोडी सांगायची राहिली. ‘उडान’ मालिकेत कल्याणीचे आई-वडील होते उत्तरा बावकर आणि विक्रम गोखले. वीसेक वर्षांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या ‘हा भारत माझा’मध्ये दोघे पुन्हा नवरा-बायको झाले. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या दिवसांतलं एक साधं मध्यमवर्गीय घर, आणि त्यातलं हे उतारवयाचं जोडपं. गोखले म्हटलं की मराठी रसिकाला पहिल्यांदा आठवतो त्यांचा पॉझ. त्यावर लेख आले, नकला झाल्या, नाट्यशिबिरांतून तो शिकवला गेला. शब्दांच्या मधली शांतता आपल्याला ऐकू येत नाही असं नाही, हा त्याचा पुरावा आहे. पण गोखल्यांचा पॉझ हा पुढच्या वाक्याचा पॉझ असतो. ते वाक्य येणार हे आपल्याला ठाऊक असतं आणि आपण श्वास धरून त्याची वाट पाहतो. बावकर यांच्या गप्प राहण्यापुढे वाक्य नसतं. ‘हा भारत माझा’मध्ये दोघे एका चौकटीत येतात तेव्हा नजर सवयीने गोखल्यांकडे जाते. दुसऱ्यांदा पाहताना मी ठरवून फक्त बावकरांकडे पाहिलं. नवरा अर्ध्या वाक्यात थांबला की त्याच्या आधी तिला कळलेलं असतं की पुढे काय येणार, आणि ते यायच्या आत तिचा त्यावरचा निर्णय झालेला असतो. मग ती त्याचं वाक्य पुरं होऊ देते.